डबल बेल

आमच्या गावात ट्रॅक्टरला कंडक्टर असलेले गृहस्थ एकच, किसनकाका. बाकीची माणसं ट्रॅक्टरवर बसतात, चावी फिरवतात आणि निघतात. किसनकाका बसतात, आरसा पुसतात आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहतात. आरसाही त्यांनी स्वतः बसवून घेतलेला. मागून टण् टण् अशी दोनदा घंटी वाजल्याशिवाय त्यांचा हात चावीकडे जात नाही. घंटी वाजवणार अनुसयाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाला दुसरा कायदा ठाऊक नव्हता.

गावातली पोरंटोरं रस्त्याने जाताना ओरडायची, "काका, हाफ तिकीट द्या!" काका शब्द न शब्द ऐकायचे आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू द्यायचे नाहीत. मीही हसणाऱ्यांतलाच. मारेगावजवळ आमचं गाव, तिथल्या शाळेत मी मास्तर. त्यांच्या आणि आमच्या शेतांमध्ये एक धुरा, म्हणजे बांध, बस्स. रविवारी मी शेतावर गेलो की तो सगळा प्रवास मला फुकटात बघायला मिळायचा.

काका बोलायचेही एसटीतच. बसमध्ये जे जे रंगवून लिहिलेलं असतं तेवढ्यावर त्यांनी संसार केला. त्यांच्या मुलाला, मिलिंदला, नागपूरची नोकरी सोडून धंदा काढायचा होता, तर काका एवढंच म्हणाले, "गाडी थांबल्याशिवाय उतरू नये." आमच्या घरी भावाभावांत वाटणीवरून वाजलं तेव्हा मी मध्ये पडायला निघालो होतो. काकांनी धुऱ्यावर अडवलं. म्हणाले, "मास्तर, हात व डोके बाहेर काढू नये." मी नाही काढलं. पुढे त्या भांडणात ज्यांनी काढलं त्यांची काय गत झाली ते गावाला माहीत आहे.

एवढा पुराच्या पाण्यातून आणि घाटातून गाडी काढलेला माणूस, पण त्या छोट्या ट्रॅक्टरला घाबरायचा. हे मी चेष्टेने सांगत नाही. त्यावर चढताना त्यांची पोटरी थरथरलेली मी पाहिली आहे. एकदा विचारलं, तर म्हणाले, "बसमधी माणसं आत असतात, मास्तर. दार लावलं का सारे आत. याच्यात सारे बाहेर. माणूस बी बाहेर, पातं बी बाहेर. अन् मी पाहून राह्यलो पुढं."

मग घेतला कशाला, असं कोणीही विचारेल. बैल म्हातारा झाला, त्याचा जोडीदार आधीच गेला होता, आणि तण काढायचा डवरा हाकायला माणूस मिळेना. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, दोन ओळींमधून जाईल असा अरुंद, जुना का होईना, छोटा ट्रॅक्टर घेणं भाग होतं. शेवटचा बैल गेला तेव्हा काकूंनी त्याच्या गळ्यातली पितळी घंटी तेवढी काढून ठेवली. तीच पुढे ट्रॅक्टरला लागली.

ट्रॅक्टर बघायला काका मला घेऊन गेले, यवतमाळच्या कडेला, लोहाऱ्याकडे. मला ट्रॅक्टरमधलं काही कळत नाही. काका म्हणाले, "कळायची गरज नाई. सोबत कोनी पायजे." त्यांच्या या वाक्यात किती भीती होती ते मला तेव्हा लक्षात आलं नाही.

मालकाने ट्रॅक्टर धुऊन, पुसून, लिंबाखाली उभा केला होता. नवरदेवासारखा चकचकीत. काकांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी बोनेटवर तळहात ठेवला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि लगेच काढला.

"हे सकाळीच चालू करून ठेवलं तुमी," ते मालकाला म्हणाले. "थंडं होऊ द्या. थंडं असताना चालू होते का नाई, ते पाह्यचं हाये."

मालक ओशाळला. मग आम्ही तिघे चहा पीत इंजिन निवायची वाट बघत बसलो. निवल्यावर मालक उठला. सीटवर बसायचा कंटाळा म्हणून जमिनीवरच, मोठ्या चाकाजवळ उभा राहिला आणि वाकून चावी फिरवली. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. तो चालू झाला नाही, त्याने उडी मारली. मालक कसाबसा मागे पडला, आणि पाण्याची बादली माझ्या पायापासून हातभर अंतरावर चाकाखाली चपटी झाली. लिंबाच्या बुंध्याला धडकून इंजिन बंद पडलं म्हणून बरं.

मालक कपडे झटकत हसला. "काही नाई हो. डायरेक्ट हाये नं."

डायरेक्ट हा शब्द मी त्या दिवशी शिकलो. क्लच दाबल्याशिवाय, किंवा मागच्या रोटाव्हेटरची माती उकरणारी पाती दांडा पाडून इंजिनला जोडलेली असताना, इंजिन चालूच होऊ नये, म्हणून कंपनीने एक स्विच दिलेला असतो. तो बिघडला की नवा कोण आणतो? दोन वायरी एकमेकींना जोडल्या की झालं डायरेक्ट. सोय होते. चावी फिरवा, चालू. माणूस कुठे उभा आहे, पातं कुठे आहे, याचा हिशेब ट्रॅक्टर ठेवत नाही.

मला वाटलं, आता आम्ही उठून एसटी स्टँड गाठणार. काका बराच वेळ त्या चपट्या बादलीकडे बघत राहिले. नंतर इंजिन पुन्हा चालू करवलं, धूर बघितला, ऑइलचं झाकण काढून बोट फिरवलं, चाकांमधलं अंतर टॉवेलने मोजलं. सगळं ठीक होतं. त्यांनी आधी चार ठिकाणी बघितलेले यापेक्षा वाईट होते. "स्विच बसवून घेऊ," ते म्हणाले आणि सौदा झाला. ट्रॅक्टर पिकअपमध्ये चढवला. पुढे केबिनमध्ये जागा असताना काका मागे, ट्रॅक्टरच्या शेजारी उभे राहून गावापर्यंत आले. पळून जाईल की काय अशी भीती वाटत होती बहुतेक.

मारेगावचे शब्बीर मिस्त्री भला माणूस. त्यांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "काका, गाडी अच्छी है. लेकिन इस मॉडेल का स्विच इधर नहीं मिलता. मंगवाता हूं. तब तक चलाव. सब डायरेक्टच चला रहे."

"सारे चालवून राह्यले म्हनूनच त भेव वाटते, मिस्त्री," काका म्हणाले.

स्विच काही येईना. तण मात्र येत होतं. पाऊस उघडला आणि पऱ्हाटीत गुडघाभर गवत झालं. तण कोणाच्या स्विचची वाट पाहत नाही. तेव्हा काकांनी ही घंटी काढली. रोटाव्हेटरमागे एका लोखंडी कांबीला ती टांगली आणि काकूंना बजावलं, "तू मांगं. पात्यात गवत गुंडाळलं का एक बेल दे, मी बंद करतो. गवत काढ, बाजूला सर, मंग डबल बेल. डबल बेलबिगर मी चावीले हात लावनार नाई."

"मी का दूधपिती पोर हाओ?" काकू म्हणाल्या. पण घंटी वाजवू लागल्या.

अनुसयाकाकूंना भीती नावाची गोष्ट बहुतेक कोणी दिलीच नव्हती. त्या बेधडक पात्यात हात घालून विळ्याने गवत कापायच्या, आणि तोंडाने शेजारणीशी बोलणं चालू. वेचणीला, निंदणीला आमच्याकडच्या बाया साडीवरून नवऱ्याचा जुना सदरा घालतात, पदर आवरून राहतो आणि काटेही लागत नाहीत. काकू काकांचा खाकी गणवेशाचा शर्ट घालायच्या. त्यामुळे तर चित्र पूर्ण झालं होतं. पुढे ड्रायव्हर, मागे खाकीतला कंडक्टर. पोरं हसतील नाही तर काय करतील?

देखभालीच्या बाबतीत मात्र काकांना हसायची कोणाची टाप नव्हती. रोज कामाला लागायच्या आधी ऑइल बघणार, जाळीत अडकलेला कचरा ब्रशने काढणार, ग्रीस भरणार, चाकांचे नट एकेक करून आवळणार. खाली हात घालायचा असेल तर आधी चावी काढून खिशात, मग बॅटरीची वायर सोडून बाजूला, आणि एवढं करूनही हात आत जाऊन असा चटकन बाहेर यायचा, जणू तापल्या तव्यावरची भाकर उलटली. मी एकदा म्हटलं, "काका, आता वायरच काढली, तर हा काय करेल?"

"काई नाई करनार," ते म्हणाले. "पन त्याले डायरेक्टची सवय हाये."

घंटीबद्दल त्यांचा एक अभिमान होता. नोकरीत असताना कॉलेजची पोरं मागे दोरी ओढायची, काका जागचे हलायचे नाहीत. कंडक्टर बदलला तरी दोन दिवसांत त्याची घंटी त्यांना ओळखू यायची म्हणे. "बेल कोनीबी देते, मास्तर. हात ओळखता आला पायजे. तुमच्या काकूचा हात त मी लाख घंट्यांत ओळखीन." काकू हे ऐकून लाजल्यासारखं करायच्या आणि मुद्दाम तीनदा वाजवायच्या. तीन म्हणजे काय हे कोणत्याच कायद्यात नव्हतं. काका बिचारे चावीवरचा हात मांडीवर घ्यायचे आणि वळून बघायचे.

तो रविवार मला विसरता आलेला नाही. ऊन तापलं होतं. मी आमच्या शेतात बोरीखाली बसलो होतो. पलीकडे काकांचा ट्रॅक्टर चालू होता, मग एक घंटी झाली आणि तो थांबला. पात्यात गवत गुंडाळलं असणार. विळ्याचा खरर् खरर् आवाज आला, थांबला. धुऱ्याच्या पलीकडून गुराख्याची गुरं जात होती. मग टण् टण् ऐकू आलं. ट्रॅक्टर चालू झाला, आणि त्याच क्षणी मागून एक आवाज आला. कापड फाटावं, पण ओलं, जाड कापड, असा. लगेच इंजिन बंद झालं.

नंतर काहीच नाही. कोणी ओरडलं नाही. काकूंचं बोलणं नाही.

"मास्तर," काकांची हाक आली. मोठ्याने नाही. पलंगावरून पाणी मागावं तशी.

मी धुरा ओलांडून धावलो. काका सीटवर बसले होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर पऱ्हाटीवर. चेहरा राखेसारखा.

"मांगं पाहून सांगा," ते म्हणाले.

"काय झालं काका?"

"दांडा पडलेलाच राह्यला माह्याकून. रोटाचा. चावी फिरवली अन् ते फिरलं." मग तेच पुन्हा, "मांगं पाहून सांगा, मास्तर. मी नाई पाहू शकत."

मी मागे गेलो. मला खोटं बोलायचं नाही, मला जायचं नव्हतं. रोटाव्हेटरच्या पात्यांत खाकी कापड गुंडाळलेलं होतं. एक बाही वर आली होती, चिखलाने भरलेली. विळा खाली पडलेला. काकू कुठेच नव्हत्या. मी रक्त शोधत होतो, पण आमची माती काळी, ओली, तीत काही दिसत नाही. मी "काकू!" म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही. त्या कापडाच्या आत काही आहे की नाही, हे मला आता हात घालूनच बघावं लागणार होतं.

पुढून काका विचारत होते, "हाये का? मास्तर, हाये का?"

मी गुडघे टेकले. हात पुढे केला आणि मागे घेतला. पुन्हा केला. कापडाच्या घडीत बोटं घातली. आत गवत लागलं. मग काहीतरी गोल आणि कडक लागलं. ते बटण होतं. आणखी आत, गवत आणि कापड. दुसरं काही नव्हतं. ते सांगायला मी उठत होतो.

"काय झालं वो? बंद काहून केली?"

तुरीच्या ओळींतून काकू आल्या. साडीचा सोगा नीट करत. अंगात शर्ट नव्हता.

त्यांचा आवाज ऐकूनही काका वळले नाहीत. "पुढं ये," ते म्हणाले. "मले दिसू दे."

काकू ट्रॅक्टरला वळसा घालून समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"हात दाखव."

"अवो, काय झालं का?"

"हात दाखव वं."

काकूंनी दोन्ही हात वर केले. काकांनी ते बघितले, मग बोटं पसरायला सांगितली, मग उलटे करायला सांगितले. नंतर त्यांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं आणि त्यांची पाठ हलू लागली. जन्मात या माणसाला मी रडताना पाहिलं नव्हतं.

"कुठी गेलती?" तसंच खाली बघून त्यांनी विचारलं.

काकू माझ्याकडे बघून संकोचल्या, मग चिडल्या. "तुरीत गेलते. उकडून राह्यलं म्हनून सदरा काढून रोट्यावर टाकला. आता तुरीत जाचं ते बी घंटी वाजवून सांगू का तुमाले?"

मला हसू आलं. ते इतकं आलं की थांबेना, आणि थांबलं तेव्हा मी मातीत बसलेलो होतो.

"मंग बेल कोनं देल्ली?" काकांनी मान वर केली.

धुऱ्यावर गुराख्याच्या कळपातली एक भुरी गाय मागे राहिली होती. माशा बसल्या म्हणून तिने मान झटकली. टण् टण्.

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं. तीही आमच्याकडे बघत रवंथ करत राहिली. बैलाच्या गळ्यातली घंटी ती, गाईच्या गळ्यातही तसलीच असणार, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

"हात ओळखतो म्हनत होतो मी," काका म्हणाले. यापलीकडे त्या दिवशी ते बोलले नाहीत. शर्टाच्या चिंध्या पात्यांतून सोडवायला दुपार गेली. ते काम काकूंनी केलं. काका बॅटरीची सुटी वायर हातात धरून शेजारी उभे होते.

मग बरेच दिवस ट्रॅक्टर ताडपत्रीखाली राहिला. मिलिंदचा फोन आला, विकून टाका म्हणाला. काकाही तयार होते. काकू अडून बसल्या. "विका," त्या म्हणाल्या. "अन् डवऱ्याले मले जुंपा." शब्बीर मिस्त्रींनी स्विच आणून दिला तेव्हा कुठे ताडपत्री निघाली. मिस्त्रींनी वायरी सोडवल्या, स्विच बसवला आणि रोटाव्हेटरचा दांडा पाडून चावी फिरवून दाखवली. इंजिन गप्प. पुन्हा फिरवली. गप्प. मिस्त्री म्हणाले, "देखा काका? अब घंटी की जरूरत नहीं."

काकांनी मान डोलावली आणि घंटी काढून घरी नेली. पण दुसऱ्या दिवसापासून नवा कायदा सुरू झाला. काकूंनी घंटी वाजवायची नाही, समोर यायचं. ट्रॅक्टरच्या नाकासमोर उभं राहून दोन्ही हात वर करायचे. ते दिसले की चावी. दर वेळी गवत काढून झालं की काकू मागून वळसा घालून पुढे येणार, हात दाखवणार, पुन्हा मागे जाणार. डवरणीला दुप्पट वेळ लागू लागला. पोरांनी हसायचं सोडलं, कारण कोणीतरी त्यांना तो खाकी शर्ट दाखवला होता.

यंदा काकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी शेतात जायला बंदी घातली. माझी बदली झाली होती आणि सामान निघायच्या आधी मी काकांना भेटायला शेतावर गेलो. जयभीम केला. ते ट्रॅक्टरवर बसलेले, एकटे. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, शेतात दूरपर्यंत माणूस नाही. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"कुठी हायेस?" त्यांनी विचारलं.

फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. "कुठी राहीन? घरी. भाजी टाकून राह्यले."

"दोनी हात चुलीपाशीच हायेत नं?"

"हाव, हाव. थांबा."

पलीकडून पळी गडव्यावर आपटली. टण् टण्.

काकांनी फोन कानाजवळ अजून दाबला. "तूच हायेस नं?"

"नाई," काकू म्हणाल्या. "गाय हाये. चालवा आता."

काका हसले. मला वाटलं, आता निघतील. त्यांनी फोन खिशात ठेवला, क्लच दाबला, आणि मान वळवून मागे बघितलं. मागे नुसतं शेत होतं. ते कितीतरी वेळ तिकडे बघत राहिले, मग चावीला हात लावला.